पाऊस लागायच्या आत झिऱ्याचा ठराव करा



मिरग जवळ आला. खरड छाटणीसाठी ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडे आलेल्या आपल्या टोळ्या गाठोडी बांधून सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवणच्या पाड्यांकडे परत निघाल्या आहेत. राब भाजून झाले, आता पेरायचं. दरसाल या दिवसांत बुलेटिनच्या पहिल्या पानावर दाव्यांची माहिती असते. कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकला, कुणाचा फेटाळला, कुणाला दोन एकर कसत असताना वीस गुंठेच मिळाले. यंदा ती माहिती मागच्या पानावर ढकलली आहे आणि पहिलं पान हगवणीला दिलं आहे. कुणी म्हणेल, संघटनेचं काम जमिनीचं, हे डॉक्टरकीचं मध्येच कुठून आलं? म्हणून मेळघाटापासून सुरुवात करतो.

२०२२ च्या जुलैमध्ये अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या दोन गावांत कॉलरा शिरला. गावाला नळाची योजना होती. टाकी होती, पाइप होता, मोटार होती. पण वीजबिल थकलं म्हणून मोटारीची वीज तोडलेली होती. नळ कोरडा. बाया हंडे घेऊन गेल्या उघड्या विहिरीवर. जुलैच्या पावसात उघड्या विहिरीत काय काय उतरतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली. मग गाड्या आल्या, डॉक्टर आले, पाण्याचे नमुने गेले, मुख्यमंत्र्यांचा फोन गेला, टँकर लागले. बिल कुणी भरायचं, ग्रामपंचायतीनं की वरच्यांनी, हा वाद कागदावर कितीही दिवस चालू द्या. मढी उचलल्यावर जी धावपळ झाली तिच्यातली चार आणे धावपळ जूनमध्ये झाली असती तर मढी उचलावी लागली नसती.

तिथे कोरकू, इथे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, काथोडी. डोंगर वेगळा, पण विहीर तीच.

आपल्या म्हाताऱ्यांना पटकी माहीत आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा करायचे, त्यात नैवेद्य ठेवून गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे, पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचं. शिकलेले लोक याला हसतात. आम्हाला हसावंसं वाटत नाही. रोग गावागावानं चालत येतो आणि शिवेवर अडवावा लागतो, एवढं तर त्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं. तो माणसाच्या शीतून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा माणसाच्या पोटात जातो, हे त्यांना कळायला साधन नव्हतं. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर फिरून कोण मेलं आणि ते कुठल्या पंपाचं पाणी पीत होतं हे जुळवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला, तेव्हा साहेबांच्या देशातले मोठे डॉक्टर अजून घाणेरड्या हवेनं पटकी होते असंच म्हणत होते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यानं कलकत्त्यात या रोगाचा जंतू पक्का ओळखला, आणि तो जंतू त्याला तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्या तळ्यात लोक कपडे धूत आणि तेच पाणी पीत.

हा जंतू आतड्यात विष सोडतो. त्या विषानं आतडं अंगातलं पाणी बाहेर ओतायला लागतं. (हे विष शोधून काढणारे शंभूनाथ डे कलकत्त्याचेच, साल १९५९.) तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब, त्यावर उलट्या, पायात गोळे, डोळे खोल, आवाज बसतो, लघवी बंद होते. जोर असला तर तासाला लिटरभर पाणी जातं. सकाळी शेतावर गेलेला माणूस रात्री हाती लागत नाही तो यामुळे. माणूस मरतो तो पाणी गेल्यामुळे. गेलेलं पाणी वेळेवर परत भरलं तर शंभरात एखादाही मरत नाही.

आता एक गोष्ट परक्या देशातली, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. जर्मनीत एल्बे नदीवर हॅम्बुर्ग नावाचं श्रीमंत बंदर आहे, त्याला लागून खालच्या अंगाला आल्टोना. १८९२ साली हॅम्बुर्गात कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं मेली. आल्टोनात थोडी. दोन्ही शहरं एकाच नदीचं पाणी पीत होती. उलट आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण त्यांच्याकडेच वाहून येणार. पण आल्टोना पाणी वाळूतून गाळून देत होतं आणि हॅम्बुर्ग तसंच नळाला सोडत होतं. हद्दीवर एक रस्ता होता, त्याच्या एका अंगाला घरोघर आजारी आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. माणसं तीच, भाषा तीच, नदी तीच. फरक पाण्यात होता, आणि पाणी कसं द्यायचं ते ठरवणाऱ्या कारभाऱ्यांत होता. त्याच कारभाऱ्यांनी बंदराचा धंदा बुडेल म्हणून कॉलऱ्याचं नावही पहिले काही दिवस उघड घेतलं नाही.

आपल्याकडे आजार निघाला की साहेब येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, ‘तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही.’ त्याला ही गोष्ट सांगा. हात धुवायला पाणी लागतं. ज्या बाईला एक हंडा आणायला दोन टेकड्या उतराव्या लागतात, तिनं त्यातलं किती हातावर ओतायचं? संडास बांधून दिले, त्यांना पाणी नाही, म्हणून आज त्यांत लाकडं आणि गोवऱ्या भरलेल्या आहेत. फोटो काढायला येणाऱ्यानं हेही लिहून न्यावं.

नाव न घेण्याचं म्हणाल तर ते आपल्याकडेही चालतं. आमच्या एका पाड्याची गोष्ट. पाड्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण मिटलेलं नाही, आणि त्यातला गार्डही आपल्यातलाच पोरगा आहे. पाड्याच्या वर, जंगलात, खडकाखाली बारमाही झरा आहे. पाण्याला गोडी अशी की पाहुणा आला तर मुद्दाम त्याचं आणून देतात. तीन वर्षांमागं पोरांनी वर्गणी केली, काळा पाइप आणला, झऱ्यापासून पाड्यापर्यंत टाकायला घेतला. खोदकाम निम्म्यावर असताना गार्ड आला. वनखात्याच्या हद्दीत खोदता येत नाही, गुन्हा होतो. पाइप उचलून नाक्यावर नेला. मग पाडा परत नदीतल्या झिऱ्यावर. उन्हाळ्यात वाळू उपसून काढलेला तो खड्डा, पावसात वरच्या तीन पाड्यांचं सगळं वाहून त्याच्यात. गेल्या श्रावणात तिथं हगवण लागली. एक म्हातारी गेली आणि दीड वर्षाचं एक पोर गेलं. कागदावर लागलं ‘गॅस्ट्रो’. तो कॉलरा होता का साधी हगवण होती हे आम्ही सांगू शकत नाही, कारण शीचा नमुना कुणी नेलाच नाही. नमुना गेला नाही की कॉलरा निघत नाही. निघाला नाही की तालुक्यात कॉलरा नाही. तेव्हा यापुढे कुठेही एका पाड्यावर दोन-तीन मोठ्या माणसांना एकदम जोराचे जुलाब लागले तर नर्सताईंना तोंडी नाही, लेखी सांगायचं की नमुना घ्या, आणि गोळ्या सुरू व्हायच्या आधी घ्या. नर्सताईंशी भांडायचं नाही. दहा-दहा पाडे एकटीनं चालणारी बाई आहे ती. लेखी अर्जानं तिचेही हात बळकट होतात.

आता घरात काय करायचं ते. हे ज्याला वाचता येतं त्यानं चार घरी वाचून दाखवावं.

जुलाब लागला की पाणी बंद, खाणं बंद, ही समजूत अजून घरोघर आहे. तिनं पोरं मरतात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव पाहायची, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. आशाताईंकडे ओआरएसची पुडी असली तर ती चांगलीच, पण पुडी नाही म्हणून थांबायचं नाही. दर जुलाबामागे पाजायचं, घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. भाताची पेज मीठ घालून द्या, तीही उपयोगी पडते. अंगावरच्या पोराला दूध चालूच ठेवायचं. आणि डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली, लघवी थांबली, माणूस गुंगीत गेला, की झोळी करा आणि निघा. वाटेतही पाजत राहा. तिथं शिरेतून सलाईन लागणार.

ही साधी गोष्ट वाटते, पण ती निर्वासितांच्या छावणीत सिद्ध झाली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो माणसं बंगालात आली. बनगावच्या छावणीत कॉलरा फुटला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि आजाऱ्यांच्या घरच्या माणसांनाच पेल्यानं पाजायला सांगितलं. शंभरात तीस मरत होते ते तीन-चारावर आले. हे डॉक्टर २०२२ साली वारले, मग सरकारनं पद्मविभूषण दिलं. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बाया दारोदार फिरल्या आणि एक कोटीवर घरांतल्या बायांना तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा ते शिकवलं. चुलीपाशी बसून, हातात हात घेऊन.

तिथलीच आणखी एक गोष्ट आपल्या बायांना पटेल. जुनं लुगडं धुऊन, वाळवून, निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळलं की पाण्यातले बारीक जीव अडकतात, आणि कॉलऱ्याचे पुष्कळ जंतू त्या जिवांनाच चिकटलेले असतात. बांगलादेशातल्या मतलब भागात पासष्ट गावांत करून पाहिलं, कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कापड जुनंच हवं, मऊ झालेलं, कारण त्याचे धागे फुगून भोकं बारीक होतात. निम्म्यावर म्हणजे संपला नव्हे. गाळून झाल्यावर उकळा किंवा मेडिक्लोरचे थेंब टाका. पण ज्या दिवशी लाकूड ओलं आणि थेंब संपलेले, त्या दिवशी लुगडं तरी आहे.

विहिरीत टीसीएल पावडर टाकायचं काम जलसुरक्षकाचं. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातो, मग तुम्ही विहिरीला नुसता चुना लावताय. ग्रामपंचायतीला कुठलं कार्ड मिळालंय तेही विचारा, हिरवं, पिवळं का लाल. ते भिंतीवर लावायची वस्तू आहे, कपाटात ठेवायची नाही.

इथपर्यंतचं सगळं आरोग्य खात्याच्या फलकावरही सापडेल. फलकावर नसतं ते पुढचं आहे, आणि त्यासाठीच हे पान.

पाणी जमिनीत असतं. जमीन ज्याच्या नावावर, पाणी त्याचं. आम्ही ओझरला बसून हे रोज बघतो. इथल्या शेतकऱ्यांची गोष्ट चांगली आहे, ती कमी लेखायची नाही. वाघाड धरणाचं पाणी ओझरच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीनं शेतकरी जमवले, १९९० च्या सुमाराला पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं, आपसात मोजून वाटलं, आणि पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पाचाच कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. लांबून लोक बघायला येतात. पण संस्थेचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. सातबारा नाही त्याला पाण्याच्या सभेत खुर्ची नाही. आपले लोक त्याच पाण्यावरच्या बागांत छाटणी करतात, आणि शेडमध्ये प्यायला कधीकधी शेततळ्याचं पाणी मिळतं, कधी फवारणीच्या ड्रममधलं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलो तेव्हा मुंबईकरांनी रस्त्यावर उभं राहून आपल्याला पाणी पाजलं. माणुसकी विसरणार नाही. पण मुंबईच्या नळात वैतरणेचं पाणी असतं, आणि वैतरणा त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरातली. त्याच डोंगरातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, टँकर विहिरीत ओततात, आणि ओतलेलं पाणी आपण दोरानं पुन्हा उपसतो.

तर मग झऱ्याचा पाइप अडवला तेव्हा गार्ड बरोबर होता का? नव्हता, आणि आम्हीही तेव्हा चुकलो. वनहक्क कायदा म्हटलं की आमच्या डोक्यात शेताचा पट्टा एवढंच बसलं होतं. त्याच कायद्यात, २००६ च्या, कलम ३(२) आहे. त्यात तेरा कामं लिहिली आहेत ज्यांच्यासाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता वगैरे, आणि त्यातच पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, तळी, पाणी साठवायची बांधकामं. अटी अशा की एका कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं तोडायची तर हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. काळा पाइप पुरायला पंच्याहत्तर काय, एक झाड तोडावं लागत नाही. परवानगी डीएफओच्या पातळीवर होते, दिल्लीला जावं लागत नाही. शिवाय कलम ५ म्हणतं की पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. म्हणजे झऱ्यावर गुरं बसवायची नाहीत, वरच्या अंगाला हागणदारी नको, हे ठरवायचा आणि पाळून घ्यायचा हक्कही आपला.

मग सभा. पेसा भागात पाड्याची वेगळी ग्रामसभा बसू शकते, ग्रामपंचायतीच्या गावाला जायची गरज नाही. निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. हा तिसरा हिस्सा सही-अंगठ्यापुरता नको. झरा कुठं, तो वैशाखात किती बारीक होतो, पावसात कुठून गढूळतो, हे बायांना माहीत आहे. पुरुष सांगतात ती जागा बऱ्याचदा चुकीची निघते (कार्यकर्तेही त्यात आले). ठरावात सोपं लिहा: पाड्याचं नाव, घरं किती, झऱ्याची जागा, वनखात्याचा कंपार्टमेंट नंबर माहीत असला तर तो, पाइपची लांबी, टाकी कुठं, झाड तोडावं लागणार नाही हे वाक्य, आणि ‘कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभा शिफारस करीत आहे’. खाली सह्या-अंगठे. मूळ ठराव वहीत राहू द्या, नकला द्या. ग्रामसेवक नक्कल घेत नसेल तर रजिस्टर टपाल करा. पोच हातात आल्याशिवाय उठू नका. पैशासाठी पेसाच्या पाच टक्के अबंध निधीत काय शिल्लक आहे ते त्याच सभेत विचारा. नळ योजना आधीच मंजूर असलेल्या गावांनी आणखी एक ओळ घालावी: मोटारीचं वीजबिल कोण भरणार आणि थकलं तर वीज तोडायच्या आधी कुणाला कळवणार. पाचडोंगरीची टाकी भरायची राहिली ती या ओळीवाचून.

पुढच्या हंगामाला बागेवर येणाऱ्या टोळ्यांनी मुकादमाशी मजुरी आणि उचल बोलतानाच पाण्याचंही बोलून घ्यावं. पिण्याचा ड्रम वेगळा, झाकणाचा, औषधाला न वापरलेला. काही बागाईतदार हे न सांगता देतात. जे देत नाहीत ते न बोलल्यामुळे देत नाहीत, असं निदान यंदा धरून चालू.

वर ज्या पाड्याची गोष्ट सांगितली त्याची सभा येत्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आहे. त्यांचा पाइप अजून नाक्यावर पडून आहे. ठराव झाला की त्याची नक्कल घेऊन तो परत मागायला सगळ्यांनी मिळून जायचं आहे. कुठला पाडा ते आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्याला विचारा. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी आठपर्यंत पोचावं, भाकरी बांधून आणावी. पाणी घरून उकळून आणा, तिथलं पिऊ नका.